फोर्ड, फ्योर्ड, पोर्ट आणि आपला पूल

काठावरचा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या. इंग्लंडचा नकाशा उघडून बघा. ऑक्सफर्ड, ब्रॅडफर्ड, बेडफर्ड, हर्टफर्ड, हेरफर्ड, गिल्डफर्ड, सॅलफर्ड, स्ट्रॅटफर्ड, नुसती फर्डांची रांग लागलीये. (कोणी फोर्ड लिहितं कोणी फर्ड, मी दोन्ही लिहिणार, त्यावरून भांडू नका.) हा फोर्ड म्हणजे गाडीवाला नव्हे, म्हणजे त्याचंही आडनाव तिथूनच आलंय, पण मूळ अर्थ नदी जिथे उथळ असते आणि पायी, गाडीने, जनावरं घेऊन पलीकडे जाता येतं ती जागा. आपल्याकडे त्याला उतार म्हणतात. "नदीला उतार आहे का?" असं जुनी माणसं विचारायची ना, तोच हा.

आता एवढ्या गावांच्या नावात उतार का? तर पूल बांधणं महागाचं काम, राजाला परवडायचं, गावाला नाही. मग जिथे उतार असेल तिकडे रस्ते वळायचे, पाणी चढलेलं असलं की लोक काठावर मुक्काम ठोकायचे, मुक्काम आला की खानावळ आली, लोहार आला, बाजार आला, झालं गाव. आणि नावं ठेवताना अँग्लो-सॅक्सन लोकांनी काही काव्य वगैरे केलं नाही, जे दिसलं ते ठेवलं. ब्रॅडफर्ड म्हणजे रुंद उतार. स्टॅमफर्ड म्हणजे दगडांचा. सॅलफर्ड म्हणजे विलोच्या झाडांजवळचा (आपल्या वाळुंजाची बहीण). हेरफर्ड म्हणजे फौज पार होईल एवढा. हर्टफर्ड म्हणजे शिंगवाल्या नर हरणाचा, त्या गावाच्या चिन्हात अजून पाण्यात उभं असलेलं हरीण आहे. स्ट्रॅटफर्ड म्हणजे रोमन लोकांचा जुना फरसबंद रस्ता जिथे नदीत उतरतो ती जागा. शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड एव्हन नदीवर आहे, आणि एव्हन हा जुन्या केल्टिक भाषेत "नदी" ह्या अर्थाचाच शब्द, म्हणजे ती बिचारी आजही "नदी नदी" म्हणून वाहते.

आणि ऑक्सफर्ड, बैलांचा उतार. शहराच्या चिन्हात पाण्याच्या लाटांवर चाललेला बैल आहे. जगातलं एवढं नामांकित विद्यापीठ आणि नाव काय तर बैल जिथून नदी उतरायचे ती जागा, मला हे जाम आवडतं.

पण खरी मजा नातेवाइकांत आहे. भाषेचे लोक सांगतात की फार जुन्या, लिहून न ठेवलेल्या मूळ भाषेत "पार जाणे" ह्या अर्थाचा "पेर्" असा धातू होता आणि त्यापासून "पृतुस्" असं काहीतरी नाम, अर्थ पार जायची जागा. त्याची मुलंबाळं मोजून बघा:

इंग्रजीत फोर्ड. जर्मनमध्ये फुर्ट. लॅटिनमध्ये पोर्टुस, म्हणजे बंदर, म्हणजे आपलं पोर्ट, एअरपोर्ट, पासपोर्ट. वेल्शमध्ये रीड. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथाच्या भाषेत, पॅरॅतु. आणि आपल्या रोजच्या बोलण्यातलाही एक शब्द ह्याच घरातला आहे, तो आत्ताच सांगत नाही, ओळखा बघू.

जाणकारांनी भर घालावी.

चहाबाज

पहिला! वाचतोय. तो शब्द "पार" का?

काठावरचा

पार आहेच, पण तो चुलत. मी म्हणतोय तो सख्खा.

खडूस_काकू

धागा छान. पण मला एक सांगा, मुंबईचं फोर्ट आणि फ्रँकफर्टचं फर्ट ह्यातलं कोण कुठलं? आमच्या ऑफिसात एक जण फोर्टला फोर्डच म्हणायचा.

काठावरचा

काकू, मुंबईचं फोर्ट ह्यात नाही. ते किल्ल्याचं फोर्ट, लॅटिन "फोर्टिस" म्हणजे मजबूत, त्याच्यापासून. फ्रँकफर्ट मात्र आपल्या गटातलं. इंग्रजीत परवडणे ह्या अर्थाचा "अफोर्ड" आहे ना, तोही नुसता दिसायला सारखा, त्याचं मूळ "फोर्थ" म्हणजे पुढे ह्या शब्दात आहे, शेवटचा ड नंतर घुसलाय.

माइनकाठी

फ्रँकफर्टचं नाव निघालंय म्हणून लॉगिन केलं, एरवी मी नुसता वाचक. इथेच राहतो. फ्रँकफर्ट म्हणजे फ्रँक लोकांचा उतार, माइन नदीवरचा. दंतकथा अशी सांगतात की फ्रँकांचा राजा शार्लमेन लढाईत मागे हटत होता, धुकं होतं, नदी कुठून ओलांडायची कळेना, तेवढ्यात एक हरिणी पाण्यातून चालत पलीकडे गेली आणि फौज तिच्या मागोमाग. खरं खोटं देव जाणे, पण नाव समजावायला गोष्ट झकास. पूर्वेला ओडर नदीवर दुसरं फ्रँकफर्ट आहे आणि तिकीट काढताना नवीन आलेला माणूस हमखास गोंधळतो.

बाकी इथे एर्फुर्ट आहे, श्वाइनफुर्ट आहे (डुकरांचा उतार अशी समजूत, आपल्याकडे असतं तर बारसं बदललं असतं), श्टाइनफुर्ट आहे म्हणजे दगडांचा उतार, म्हणजे तुमचं स्टॅमफर्ड, म्हणजेच अमेरिकेतलं स्टॅनफर्ड, ज्याच्या ॲडमिशनसाठी आपली पोरं रात्र रात्र जागतात. आणि मुख्य गोष्ट, वुर्झबुर्गच्या दक्षिणेला ह्याच माइन नदीवर ओक्सनफुर्ट नावाचं गाव आहे. अक्षरशः ऑक्सफर्ड! फक्त विद्यापीठ नाही.

शब्दवेडी

छान चाललंय. मी जरा नियमांचं बोलते, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादाकडे उडी मारा.

प चा फ कसा झाला हे बहुतेकांना माहीत असेल. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पशु आणि फी (जुन्या इंग्रजीत "फेओह" म्हणजे गुरंढोरं, गुरं हीच संपत्ती). हा नियम परीकथावाल्या ग्रिम भावांपैकी याकोब ग्रिमने १८२२ मध्ये नीट मांडला. पण त्याच नियमाने त चा थ व्हायला पाहिजे, जसा "त्रि" चा "थ्री" झाला. मग पृतु चा "फोर्थ" न होता फोर्ड का झाला?

ह्याचं उत्तर कार्ल व्हर्नर नावाच्या डॅनिश माणसाने १८७५ च्या सुमारास दिलं आणि ते शोधायला त्याला वैदिक संस्कृत लागलं. वेदात "पितर्" ह्या शब्दात आघात दुसऱ्या अक्षरावर आहे, "भ्रातर्" मध्ये पहिल्यावर. जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, नॉर्स वगैरे) हा आघात नंतर सरसकट पहिल्या अक्षरावर सरकला आणि पुसला गेला, पण जाताना व्यंजनावर खूण सोडून गेला. आघात त च्या आधी असेल तर थ, त च्या नंतर असेल तर ड. म्हणून जुन्या इंग्रजीत भावाला "ब्रोथोर" पण बापाला "फॅडेर". (आत्ताच्या इंग्रजीत दोघेही थ-द वाले झालेत, ती नंतरची भानगड.) जर्मनमध्ये फरक अजून दिसतो, ब्रुडर मध्ये ड आणि फाटर मध्ये ट. आता फुर्ट मध्ये काय आहे? ट. म्हणजे फुर्ट हा बापाच्या रांगेतला, आघात शेवटी असलेला, पृतुस्.

मला ह्यात नेहमी आश्चर्य वाटतं ते असं की वेद पाठ करणाऱ्यांनी स्वर इतके जपले नसते तर बैलांच्या उताराचा हा ड कुठून आला हे कोपनहेगनच्या माणसाला कदाचित कळलंच नसतं.

आणि फ्योर्ड! तो ह्याच शब्दाचा भाऊ, फक्त त्यात आघात पहिल्या अक्षरावर होता, "पेर्तुस्", म्हणून जुन्या नॉर्समध्ये (व्हायकिंगांची भाषा) शेवटी द-थ सारखा मऊ उच्चार राहिला. स्कॉटलंडमध्ये तोच शब्द "फर्थ" झाला, एडिनबराजवळ फर्थ ऑफ फोर्थ आहे तो.

कोकणी_वारा

थांबा थांबा, फ्योर्ड म्हणजे ते नॉर्वेचे कडे आणि मध्ये खोल पाणी ना? उतार म्हणजे उथळ आणि फ्योर्ड म्हणजे शेकडो मीटर खोल, हे एकच कसं? आमच्या खाडीला कोण उतार म्हणेल, तर लागते तिथे. (तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी, घाटावरच्यांसाठी.)

शब्दवेडी

प्रश्न बरोबर आहे. मूळ धातूचा अर्थ "पार जाणे" एवढाच, पाणी खोल की उथळ हे त्यात नाही. ज्यांचं जाणं पायी होतं त्यांच्यासाठी जायची जागा म्हणजे उथळ पाणी, ज्यांचं जाणं होडीने होतं त्यांच्यासाठी आत घुसलेली समुद्राची पट्टी, जी होडीने ओलांडतात किंवा जिच्यातून आत जातात. रोमन लोकांचं गलबत जिथे आत शिरायचं ते पोर्टुस, बंदर.

आणि हिमनदीने कोरलेली खोल दरी हा फ्योर्डचा अर्थ भूगोलवाल्यांनी पक्का केलेला आहे. खुद्द डेन्मार्कमध्ये सपाट प्रदेशातल्या उथळ पाण्यालाही फ्योर्ड म्हणतात, लिमफ्योर्ड बघा. तुझी खाडी भूगोलाच्या पुस्तकात फ्योर्ड नाही, पण एखादा व्हायकिंग चुकून दाभोळला आला असता तर त्याने बिनधास्त फ्योर्डच म्हटलं असतं.

कोकणी_वारा

आला असता तर आधी त्याला सोलकढी पाजली असती. पटलं.

काठावरचा

फ्योर्डवरून आठवलं, फोर्ड दिसणारं प्रत्येक गाव उताराचं नसतं. आयर्लंडमधलं वॉटरफर्ड (काचेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध) आणि वेक्सफर्ड ही दोन्ही व्हायकिंगांनी वसवलेली, तिथे शेवटी फ्योर्ड आहे. इंग्रजांनी ऐकलं आणि ओळखीच्या फोर्डसारखं लिहून टाकलं. वॉटरफर्ड मध्ये "वॉटर" पण पाणी नाही, तो नॉर्स शब्द होता, वारा किंवा मेंढा असा काहीतरी अर्थ काढतात. वेल्समधलं मिलफर्ड हेवन तसंच, वाळूच्या पट्ट्यांचा फ्योर्ड. आणि लाँगफर्ड म्हणून आयरिश गाव आहे ते तिसरंच, ते ना फोर्ड ना फ्योर्ड, आयरिश भाषेतल्या "लाँगफर्ट" म्हणजे तळ, छावणी ह्या शब्दाचं. दिसायला एकच, पण प्रकार तीन.

आर्यपुत्र_७७

हे सगळं शेवटी संस्कृतातूनच गेलं हे का नाही सांगत? पृ धातू, पिपर्ति, पारयति, पार. पाश्चात्यांनी उगाच "मूळ भाषा" नावाची काल्पनिक गोष्ट काढली कारण संस्कृतला आई म्हणायचं जिवावर येतं.

शब्दवेडी

ह्याच शब्दावर तपासून बघूया ना, मोठमोठी विधानं कशाला. पृ धातू संस्कृतात आहे, मान्य. पार आहे, मान्य. पण त्या धातूला "तु" लागून झालेलं "पार जायची जागा" हे नाम लॅटिनमध्ये आहे, केल्टिकमध्ये आहे, जर्मानिकमध्ये आहे, इराणीत आहे. संस्कृतात नाही, तिथे ते काम "तीर्थ" करतो. आता जे आईच्या घरात नाही ते चारही मुलींच्या घरात, एकाच घडणीचं, प्रत्येकीच्या उच्चाराच्या नियमाला धरून कसं आलं? सोपं स्पष्टीकरण हेच की संस्कृतही बहीण आहे, थोरली म्हणा, सगळ्यात नीट दागिने जपणारी म्हणा, पण बहीण. आणि संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात हेच म्हटलं होतं, संस्कृतचं तोंड भरून कौतुक करून, की ह्या सगळ्या भाषा एका समान उगमातून आल्या असाव्यात जो आता बहुधा उरलेला नाही.

आर्यपुत्र_७७

दागिने कोणाचे ते बघू नंतर. पण तीर्थाचं सांगा.

शब्दवेडी

तीर्थ तॄ धातूचा. तरणे, तारू, तरी, उतरणे, उतार, उतारू, अवतार, सगळं एक खानदान. तीर्थ म्हणजे मुळात नदीत उतरायची, पार व्हायची जागा. पवित्रपणा नंतर चिकटला. जैनांचा तीर्थंकर म्हणजे शब्दशः उतार तयार करणारा, संसाराच्या नदीतून पलीकडे जायला. ह्याच धातूचे इंग्रजी नातेवाईक म्हणजे "थ्रू", जर्मन "डुर्ख", लॅटिन "ट्रान्स".

म्हणजे आता गंमत बघा, "ट्रान्सपोर्ट" ह्या शब्दात पुढे तॄ बसलाय आणि मागे पृ. एसटीच्या मागे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन असं लिहिलेलं असतं त्यापेक्षा ह्या एका शब्दात जास्त प्रवास आहे.

चहाबाज

हसून हसून पुरेवाट. वाचनखूण साठवली.

पानिपतकर

इतिहासवाले गप्प का? "उतार" हा शब्द मराठ्यांच्या काळजाला लागलेला शब्द आहे. १७६० च्या पावसाळ्यात यमुनेला उतार नव्हता, अब्दाली दुआबात अडकलेला आणि भाऊसाहेब दिल्लीच्या बाजूला. भाऊंनी ऑक्टोबरमध्ये उत्तरेला कुंजपुरा घेतला. आणि त्याच महिन्यात अब्दालीने बागपतजवळ उतार शोधून फौज यमुनेपार आणली आणि मराठ्यांचा दिल्लीशी संपर्क तोडला. बाकी १४ जानेवारीला काय झालं ते सगळ्यांना माहीत. नदीतली चार हात उथळ जागा कोणाला आधी सापडते ह्याच्यावर केवढं ठरतं.

काठावरचा

अगदी. आणि हे इंग्लंडमध्येही तसंच झालं होतं. १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकल्यावर नॉर्मंडीच्या विल्यमला लंडनमध्ये थेट पुलावरून घुसता आलं नाही, मग तो वळसा घालून पश्चिमेला वॉलिंगफर्डला गेला आणि तिथून थेम्स ओलांडली. नावातच फर्ड. "हेरफर्ड" म्हणजे फौजेचा उतार असं नाव लोक उगाच नाही ठेवत.

फारसी_मिर्ची

तो "सख्खा शब्द" ओळखलाय, इतके प्रतिसाद झाले कोणी बोलत नाहीये म्हणून मीच फोडते. पूल!

अवेस्तातला पॅरॅतु म्हणजे उतारही आणि पूलही. इराणच्या मधल्या काळातल्या पहलवी भाषेत त्याचा "पुहल" झाला, र-त एकत्र आले की ह-ल व्हायचं ही तिथली सवय, आणि फारसीत "पुल". तिथून मुसलमानी राजवटीबरोबर आपल्याकडे, आणि आपण ऊ लांबवून "पूल" करून टाकला. संस्कृतचा सेतु देवळात आणि रामायणात राहिला, बाजारात पूल आला. कुर्दी भाषेत अजून "पिर्द" म्हणतात पुलाला, त्यात र आणि द दोन्ही जागच्या जागी दिसतात, फोर्डच्या शेजारी ठेवून बघा.

पारशी लोकांचा चिन्वत पूल तोच. मेल्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे आत्म्याला ओलांडावा लागतो तो. पुण्यवानाला तो रुंद होतो आणि पाप्याला पात्यासारखा अरुंद. अवेस्तात त्याचं नाव "चिन्वतो पॅरॅतु". म्हणजे मुंबईतल्या अग्यारीत ज्याचं नाव घेतात तो पॅरॅतु आणि बाहेर रस्त्यावर जो फ्लायओव्हर-पूल आहे तो, एकच शब्द.

खडूस_काकू

मग पारशी हा शब्दही पार वरून का? समुद्र पार करून आले म्हणून?

फारसी_मिर्ची

नाही काकू, ते पार्स म्हणजे फार्स प्रांतावरून. कानाला गोड वाटतं पण नाही.

काठावरचा

बरोब्बर, पूलच! मला ह्यात सगळ्यात मजा वाटते ती अर्थ बदलण्याची. इंग्लंडात लोकांनी उताराच्या जागी पूल बांधले पण नाव उताराचंच ठेवलं आणि पुलासाठी वेगळा शब्द ब्रिज. इराणात उलट, शब्द तोच ठेवला आणि अर्थ पाण्यातून उठून वर बांधकामावर जाऊन बसला. म्हणजे फोर्ड आणि पूल एकाच जागेचे दोन काळ.

माइनकाठी

मग युफ्रेटिस नदीचं नाव? मी कुठेतरी वाचलंय की जुन्या पर्शियनमध्ये "उफ्रातु" म्हणजे "पार करायला सोपी", सु आणि पृतु. तीही ह्यात धरा की.

फारसी_मिर्ची

धरता येत नाही. त्या नदीचं नाव इराणी लोक तिथे यायच्या कितीतरी आधीपासून आहे, तिथल्या प्राचीन अक्कडी भाषेमध्ये "पुरात्तु" आणि त्याहून जुनं सुमेरी "बुरानुन". इराण्यांनी ऐकलेल्या नावाला आपल्या भाषेत अर्थ लावून घेतला, जसं आपल्याकडे प्रत्येक गावात पांडव एक रात्र राहून गेलेले असतात. पण अर्थ लावताना त्यांना "पार करायची" हाच शब्द सुचला हे आपल्या धाग्याच्या बाजूनेच आहे.

नागपुरी_संत्रा

आमच्याकडे विदर्भात रपटा म्हणतात, नदीच्या पात्रातून जाणारा बुटका सिमेंटचा रस्ता, पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी जाते अन् तरी बी कोणी ना कोणी मोटरसायकल घालतेच.

सांडव्यावरून

नाशकात सांडवा. गोदावरीतले सांडवे आणि सांडव्यावरची देवी, विचारा कोणत्याही नाशिककराला. बाकी महाराष्ट्रात सरकारी भाषेत फरशी पूल. पुण्यातला भिडे पूल पण तसलाच, खडकवासल्यातून पाणी सोडलं की बातमी ठरलेली, भिडे पूल पाण्याखाली. पुणेकर त्याला पूल म्हणतात पण वागणूक फोर्डची आहे.

पेठेतला

पुण्याचं नाव घेतल्याशिवाय एक धागा पूर्ण होत नाही ह्या साईटवर. असो. भिडे पुलावरून जायला जी हिंमत लागते ती ऑक्सफर्डच्या बैलांत नसणार.

लंडनची_सुनबाई

इकडे अजून शेकडो खरेखुरे फोर्ड आहेत बरं का, खेड्यांत रस्ता सरळ ओढ्यात उतरतो, बाजूला त्रिकोणी पाटीवर "फोर्ड" असं लिहिलेलं आणि पाणी किती आहे ते दाखवणारी मापाची पट्टी. नॉटिंगहॅमशायरमध्ये रफर्ड नावाचं गाव आहे, नावाचा अर्थ खडबडीत उतार, तिथल्या उतारात गाड्या घालून बंद पाडण्याचे व्हिडिओ इतके गाजले की लोक लांबून बघायला यायला लागले आणि शेवटी २०२२ च्या डिसेंबरात तो रस्ता बंद करावा लागला. हजार वर्षांपूर्वी नावातच सांगून ठेवलंय की बाबांनो खडबडीत आहे, पण वाचतंय कोण.

शब्दवेडी

वेल्शबद्दल कोणीच बोललं नाही अजून. केल्टिक भाषांनी शब्दाच्या सुरुवातीचा प सरळ गिळून टाकला. पितृ चा आयरिशमध्ये "अहिर". लॅटिन पिस्किस, इंग्रजी फिश, आयरिशमध्ये "इअस्क". तसा पृतु चा प गेला आणि उरला "रितु", वेल्शमध्ये रीड. फ्रान्समधलं लिमोज शहर रोमन काळात "ऑगस्टोरिटुम" होतं, ऑगस्टसचा उतार.

आता ऑक्सफर्डचं वेल्श नाव ऐका, रीडअखेन. रीड म्हणजे उतार, अखेन म्हणजे बैल, अनेकवचनी. नाव इंग्रजीवरून भाषांतर करून घेतलंय, पण दोन्ही तुकडे इंग्रजी तुकड्यांचे सख्खे भाऊ आहेत. रीड आणि फोर्ड आपण बघितलंच. अखेन, ऑक्स आणि आपला वैदिक "उक्षन्" एकच. म्हणजे भाषांतर केलं तरी तेच शब्द परत आले, फक्त वेष बदलून.

आर्यपुत्र_७७

उक्षन् बद्दल धन्यवाद. मग ऑक्सफर्डचं संस्कृत नाव काय होईल?

काठावरचा

ते होऊन गेलंय! ऑक्सफर्डचा जर्मन संस्कृतपंडित मॅक्स म्युलर, त्याने ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती काढली, १८४९ ते १८७४, सहा खंड. त्याने स्वतःचं नाव मोक्षमूलर करून घेतलं होतं आणि ऑक्सफर्डला म्हणायचा गोतीर्थ. टिळकांना राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी सरकारकडे रदबदली केली त्यात हा गोतीर्थवासी होता, आणि त्याने टिळकांना तुरुंगात ऋग्वेदाची प्रत पाठवली होती. म्युलरच्या मतांबद्दल वेगळा धागा काढा, पण गोतीर्थ हे भाषांतर बिनतोड आहे. उतार आणि तीर्थ दोन्ही एका जागी.

पेठेतला

आणि केंब्रिज? तिथे पूल आहे म्हणजे तेही नातेवाईक?

काठावरचा

ब्रिज वेगळ्या घरातला, त्याचं मूळ ओंडका, तुळई ह्या अर्थाकडे जातं. पण केंब्रिजची एक गोष्ट सांगतो. गावाचं जुनं नाव ग्रँटब्रिज, ग्रँटा नदीवरचा पूल म्हणून. नावाचा उच्चार घासत घासत केंब्रिज झाला आणि मग लोकांना वाटलं की अर्थात, कॅम नदीवरचा ब्रिज, म्हणून नदीलाच कॅम म्हणायला लागले. गावावरून नदीला नाव. वरचा भाग अजूनही ग्रँटा आहे.

कोकणी_वारा

पोर्टुस वरून पोर्तुगाल पण का?

फारसी_मिर्ची

हो. दोउरो नदीच्या मुखाशी रोमन काळात "पोर्टुस काले" नावाचं बंदर होतं, आत्ताच्या पोर्तो शहराच्या जागी. त्यावरून आधी प्रांत, मग देश. म्हणजे वसई आणि गोव्यात जे आले ते नावातच पृतु घेऊन आले. आणि ग्रीकमध्ये "पोरोस" म्हणजे जायचा मार्ग. त्यावरून "एम्पोरोस" म्हणजे फिरता व्यापारी आणि "एम्पोरियम", जिथून तुम्ही खादीचा कुर्ता आणता. बॉस्पोरस मध्ये तोच पोरोस आहे, आणि "बॉस" हा ग्रीक बैल-गाय, आपला गो, इंग्रजी काऊ. इस्तंबूलची ती सामुद्रधुनी म्हणजे ग्रीक भाषेतलं ऑक्सफर्ड. गोष्ट अशी की आयो नावाच्या मुलीला गाय केलं गेलं आणि ती तिथून पोहून पलीकडे गेली.

माइनकाठी

ऑक्सफर्ड, ओक्सनफुर्ट, रीडअखेन, गोतीर्थ, बॉस्पोरस. अख्खा गोठा भरला.

लंडनची_सुनबाई

अजून एक राहिलं. नेदरलँड्समध्ये फोर्डला "फोर्ट, फोर्डे" म्हणतात, ॲमर्सफोर्ट, झांडफोर्ट (फॉर्म्युला वनवाल्यांना माहीत असेल, वाळूचा उतार). तिकडे ईशान्येला कूफोर्डन नावाचं गाव आहे, "कू" म्हणजे गाय, म्हणजे गाईंचे उतार. तिथल्या घराण्याचं आडनाव "फान कूफोर्डन", आणि इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरचं आडनाव त्यावरूनच आलेलं धरतात.

चहाबाज

म्हणजे कॅनडातलं व्हँकुव्हर पण??

लंडनची_सुनबाई

पण. आमचा भाचा तिथे घर घेतोय, त्याला म्हटलं पत्ता लिहिताना गोतीर्थ लिही.

खडूस_काकू

घराची किंमत बघता बैल विकूनही भागणार नाही. झांडफोर्टचं मात्र मी ह्यांना सांगते, रविवारी रेस लावून बसतात आणि मला काही समजत नाही म्हणतात.